आई, वहिनी आणि मामांची विहीर

यंदाच्या उन्हाळ्यात आईला पोहायला न्यायचं, असं मी आणि वहिनीनं ठरवलं. आई 67 वर्षांची. तिचं माहेर सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात, आणि पोहायला ती शिकली घरच्याच विहिरीत, पाठीला भोपळा बांधून. तेराव्या वर्षी परकर जाऊन साडी आली आणि विहीर सुटली ती सुटलीच. पुण्यात पोहण्याचे तलाव होते, बायकांच्या वेगळ्या बॅचही होत्या; पण तिथं पोहण्याचा पोशाख सक्तीचा, आणि तो घालून अनोळखी बायकांसमोर उभं राहणं तिला कधी रुचलं नाही. तिनं मन बदलायला हवं होतं असं मला वाटत नाही. तिला पोहता येतं, पाणी आवडतं, तर जागा तिच्या मनासारखी शोधायची, एवढाच प्रश्न होता.

वहिनीची गोष्ट वेगळी. ती मुंबईत वाढली, समुद्र रोज बघितला, पण गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेली नाही. तिला शिकायचं होतं, आणि तेही सासूबाईंकडून. सोबत माझी अकरा वर्षांची लेक, आठ वर्षांचा भाचा, माझा नवरा आणि भाऊ. सकाळी निघून रात्री घरी. गोडं पाणी हवं, वर मोकळं आभाळ हवं, आणि घरच्यांशिवाय तिथं कोणी नको.

या शेवटच्या अटीनं निम्मे पर्याय आपोआप गळाले. पुण्याच्या आसपास पाणी भरपूर आहे. पवना, पानशेत, वरसगाव, मुळशी, खडकवासला, सगळी धरणंच. सुट्टीच्या दिवशी तिथं जत्रा असते हा एक भाग झाला. माझा खरा विरोध बॅकवॉटरला होता. धरणाचा काठ हा मुळात काठ नसतोच. तो कुणाच्या तरी शेताचा, डोंगराच्या उताराचा, जुन्या ओढ्याचा मधलाच कुठला तरी तुकडा असतो, आणि पाणी वर-खाली होईल तसा तो रोज बदलतो. पायाखाली गाळ. गुडघाभर पाण्यातून दोन पावलं पुढं टाकली की जुन्या पात्राचा उतार लागतो आणि माणूस एकदम डोक्याच्या वर पाण्यात जातो. 2023 च्या मे महिन्यात खडकवासल्याच्या पाण्यात गोऱ्हे खुर्दजवळ उतरलेल्या मुली अशाच बुडाल्या. बाकीच्यांना गावकऱ्यांनी ओढून काढलं, दोघी गेल्या. त्यांच्यातल्या कुणी धाडस केलं असेल असं मला वाटत नाही. काठालाच होत्या त्या.

धबधब्यांचा विचार मी केलाच नाही. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात अख्खं कुटुंब प्रवाहात एकमेकांना धरून उभं होतं, आणि त्यांतले पाच जण वाहून गेले. तो व्हिडिओ मी एकदा पाहिला, पुन्हा बघवला नाही. पाऊस वर डोंगरात पडतो, खाली ऊन असतं, आणि पाणी मिनिटांत वाढतं. उन्हाळ्यात हा धोका नसतो हे खरं, पण उन्हाळ्यात धबधबाही नसतो. भिऱ्याजवळच्या देवकुंडाला उन्हाळ्यातही पाणी असतं, पण तिथवरची पायपीट आईच्या गुडघ्यांना झेपणारी नाही.

कोलाडची कुंडलिका मात्र मनात बरेच दिवस होती. मुळशीचं पाणी सह्याद्रीतून खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, वीज करून कुंडलिकेत येतं, म्हणून ती नदी भर मेमध्येही वाहती असते. सकाळी पाणी सोडतात, त्यावर राफ्टिंग चालतं. लाईफ जॅकेट, हेल्मेट, वाटाडे, सगळी नीट व्यवस्था. मुलांसाठी उत्तम जागा. मी दोन-तीन ठिकाणी फोनही केले. पण नदीकाठचे सगळे कॅम्प सुट्ट्यांत भरलेले, आणि मी आईला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पोरांना ने तिकडं. मी काठावर बसेन." मग मी कुंडलिका बाजूला ठेवली. आईनं काठावर बसावं म्हणून तर हे चाललं नव्हतं.

मामांना फोन करायची कल्पना वहिनीची. "आईंची विहीर आहे ना अजून?" मला वाटत होतं, ती कधीच बुजवली असेल किंवा तळाला गेली असेल. मामा हसले. "बुजीवतंय कोण? ऊस काय हवेवर येतूय व्हय? या की. पर पाणी कवा असंल ते बघूनच या."

इथून पुढं खरं नियोजन सुरू झालं. तोवर माझी समजूत अशी, की विहीर म्हणजे घरचीच जागा, मनात आलं की जायचं. पण विहीर ही शेतीची चालू यंत्रणा असते, आणि आपण तिच्या वेळापत्रकात स्वतःला बसवायचं असतं.

पहिली गोष्ट पाणी. त्या पट्ट्यात धोम धरणाचा डावा कालवा फिरतो. फाल्गुनानंतर विहिरी खाली जायला लागतात, आणि कालव्याला उन्हाळी आवर्तन, म्हणजे धरणातून पाळीचं पाणी, सुटलं की चार-आठ दिवसांत पाझरानं पुन्हा वर येतात. म्हणजे आवर्तन सुटल्यावर लगेच जाऊन उपयोग नाही, आणि बंद होऊन पंधरवडा उलटल्यावरही नाही. मामांनी मला आवर्तन सुटल्याचा फोन केला तेव्हा विहिरीला आठ-नऊ फूट पाणी होतं. आठवड्यानं त्यांनी दोरीला दगड बांधून पुन्हा मोजलं, सोळा-सतरा फूट भरलं. वरून दिसायला पाणी कठड्यापासून तीन माणसं खाली, पण शेवटच्या सहा-सात पायऱ्या पाण्यात गेलेल्या, आणि आम्हाला नेमकं तेच हवं होतं. पायऱ्या पाण्यात असल्या की आईला बसून उतरता येतं आणि बसूनच बाहेर येता येतं.

मुलांनी मधेच कालव्याचाच हट्ट धरला. भरलेला कालवा दिसतो छान, कमरेएवढंच पाणी वाटतं. मामा कधी कुणावर आवाज चढवत नाहीत, पण त्यांनी फोन स्पीकरवर घ्यायला लावला आणि दोघांना समजावलं. अस्तरीकरण केलेल्या कालव्याच्या भिंती तिरक्या आणि शेवाळलेल्या असतात, पोहणाऱ्यालाही तिथून वर चढता येत नाही. आणि पुढं कुठं ओढ्याखालून पाणी नेलं असेल तर त्या तोंडाशी ओढ एवढी असते की माणूस आत खेचला जातो. मोठी माणसंही त्यात गेलेली त्यांनी पाहिली आहेत. त्यानंतर कालव्याचा विषय निघाला नाही.

दुसरी गोष्ट लाईट. शेतीच्या थ्री-फेजला पाळी असते, एखादा आठवडा दिवसा, एखादा रात्री. लाईट दिवसा असेल तर मोटर दिवसा चालणार, आणि चालू मोटरच्या विहिरीत कोणीही पाण्यात उतरता कामा नये. म्हणून रात्रीच्या लाईटचा आठवडा निवडला. मग दुसरी अडचण आली: रात्रभर मोटर चालली तर सकाळी पाणी खाली गेलेलं. साडेसात एचपीची मोटर तासाला तीसेक हजार लिटर सहज उपसते. मामांनी त्यावर तोड काढली. शुक्रवारी रात्री निम्मी विहीर उपसायची, शनिवारी रात्र मोटरला विश्रांती, रविवारी सकाळपर्यंत झऱ्यांनी आणि कालव्याच्या पाझरानं ती पुन्हा वर येते. यात पाणीही ताजं होतं, हा आणखी एक फायदा.

पण शनिवारची रात्र मामांची नव्हतीच. विहीर सामाईक आहे. सात-बारावर तीन हिस्से, मामांचा एक आणि दोन चुलत भावांचे, आणि पाण्याचे वार ठरलेले. शनिवार-रविवार थोरल्या चुलत मामांच्या उसाचा. शहरातून चार माणसं मजा करायला येणार म्हणून कुणी आपल्या उसाचं पाणी का सोडावं? मी म्हटलं, मी स्वतः त्यांच्याशी बोलते. मामा म्हणाले, "तू नगं. तुझ्या आईला लाव फोनला." आईनं फोन केला. ती या चुलत भावापेक्षा चार वर्षांनी मोठी. लहानपणी तिनंच त्याला या विहिरीत पाठीला डबा बांधून सोडला होता, हे मला त्या फोनवरून कळलं. दोन मिनिटांत शनिवारचा वार सोमवारशी बदलला गेला. पैशाचा विषय काढायचा नाही, असं आईनं मला आधीच बजावलं होतं. जाताना घरच्यांसाठी पुण्याहून बाकरवडी आणि म्हाताऱ्या मामींसाठी गुडघ्याचा पट्टा न्यायचा, एवढं ठरलं.

मोटरबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण विहिरीत पोहायला जाणाऱ्या शहरी माणसाच्या हे डोक्यातच येत नाही. विहिरीत पाणबुडी मोटर असते, तिची केबल पाण्यात असते, वर्षानुवर्षं उन्हात वाळलेली, कुठं जोड मारलेली. स्टार्टरचं लाल बटण दाबून मोटर बंद केली की झालं असं आपल्याला वाटतं. पण बहुतेक शेतकऱ्यांनी स्टार्टरला ऑटो स्विच बसवलेला असतो, म्हणजे रात्री-अपरात्री लाईट आली की मोटर आपली आपण सुरू होते, शेतकऱ्याला अंधारात विहिरीवर जावं लागत नाही. सोय मोठी आहे. सापा-विंचवाच्या रात्री त्या स्विचनं कितीतरी जीव वाचले असतील. पण पाण्यात माणसं असताना अवेळी लाईट आली, तर तीच सोय काळ होऊन उभी राहते. रविवारी सकाळी मामेभावानं, दादानं, आम्ही उतरायच्या आधी ऑटो बंद केला, पेटीतले तिन्ही फ्यूज काढले आणि स्वतःच्या खिशात ठेवले. आम्ही सगळे वर येईपर्यंत ते त्याच्या खिशातून निघाले नाहीत. हे करायला जे घर तयार नसेल, तिथं पोहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाण्याच्या शुद्धतेवर आमच्यात बरीच चर्चा झाली. 2024 मध्ये केरळमध्ये तळ्या-ओढ्यांत पोहलेली काही मुलं अमीबामुळे होणाऱ्या मेंदूज्वरानं दगावली होती, ते माझ्या नवऱ्याच्या मनात होतं. हा अमीबा कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकातून वर जातो. पाणी पोटात गेल्यानं तो आजार होत नाही. आजार दुर्मीळ, पण झाला तर वाचणं कठीण. विहिरीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग) पावडर टाकायची का, म्हणून आम्ही हिशोबही मांडला. विहिरीचा व्यास 8 मीटर, पाणी 5 मीटर, म्हणजे सुमारे 250 घनमीटर, अडीच लाख लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणानं साधारण 630 ग्रॅम पावडर. मामांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. विहिरीत त्यांचे मासे आहेत, एक जुनं कासव आहे, क्लोरीननं मासे मरतील. त्यांचं म्हणणं आम्हाला पटलं. पाणी दोन दिवस आधी उपसून ताजं झालेलं, तळाला जिवंत झरे, वर कालव्याचा पाझर. साचलेलं म्हणता येणार नाही असं ते पाणी. आम्ही दोन नियम केले: कुणीही नाक मोकळं ठेवून उडी मारायची नाही, आणि तळाचा गाळ ढवळायचा नाही.

तयारीत सर्वांत जास्त वेळ गेला लाईफ जॅकेटमध्ये. हवा भरायच्या दंडावरच्या पट्ट्या आणि रंगीत टायर ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर मूल खोल पाण्यात सोडायचं नसतं. जॅकेट मुलाच्या वजनाप्रमाणे घ्यायचं, पट्टे आवळायचे, आणि खांद्याचे दोन्ही बंद धरून मुलाला वर उचलून बघायचं; जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. भाच्यासाठी आणलेलं पहिलं जॅकेट असं थेट कानापर्यंत गेलं. बदलून आणलं, तेही पायांमधून पट्टा येणारं. वहिनीसाठी मोठ्या माणसाचं एक घेतलं. आईनं जॅकेट हातात घेऊन दाबून पाहिलं आणि परत ठेवलं.

कपड्यांचा निर्णय बायकांनी मिळून घेतला. साडी पाण्यात पायात गुंडाळते, ओढणी गळ्याला फास देऊ शकते, आणि जाड सुती सलवार ओली झाली की खाली ओढते. तिघींनीही अंगाबरोबरचे पातळ कुर्ते आणि लेगिंग, केस घट्ट बांधलेले, मंगळसूत्र-बांगड्या घरी. आई कुर्त्याला लगेच तयार झाली, मला वाटलं होतं तेवढी समजूत काढावीच लागली नाही. पुरुषांनी सुरुवातीचा तास वर थांबायचं, फक्त दादा पायरीवर, कारण विहीर त्याच्या हाताखालची. हेही आईनंच ठरवलं.

पहाटे पाचला निघालो. खंबाटकी चढून सुरूरपाशी चहा घेतला, आणि उन्हं वर यायच्या आत मळ्यात होतो. मामींनी थालीपिठं करून ठेवली होती, पण पोहायच्या आधी सगळ्यांनी अर्धं-अर्धंच खाल्लं.

विहीर मी लहानपणी पाहिली होती, पण फक्त वरून, कुणाचा तरी हात धरून. या वेळी मी पायऱ्या उतरले. काळ्या दगडाचं जुनं बांधकाम, वरचे चार फूट मामांनी काँक्रीटचे केलेले. जिन्याच्या पायऱ्या भिंतीतूनच बाहेर आलेल्या, मधे मधे झिजून खोलगट झालेल्या. समोरच्या बाभळीची फांदी विहिरीवर आडवी आलेली आणि तिला सुगरणींचे जुने खोपे लटकलेले. भिंतीच्या फटीत पारवे. दादा खाली उतरता उतरता काठीनं प्रत्येक कपार ठोकत होता. एका कपारीतून एक विरोळा निघाला, पाण्यावर नागमोडी जाऊन पलीकडच्या फटीत शिरला. विरोळा बिनविषारी, पण भाचा घाबरून तीन पायऱ्या वर गेला, आणि दादानं त्याला हसण्यावारी न नेता, साप पुन्हा दिसेपर्यंत त्याच्या शेजारी बसून कुठं गेला ते दाखवलं.

विहीर आणि तलाव यांतला मोठा फरक असा, की विहिरीला उथळ बाजू नसते. शेवटची बुडालेली पायरी संपली की थेट सोळा फूट. त्यामुळं पोहता न येणाऱ्याला दोरी हवीच. दादानं जाड सोल आणला होता. काखेखालून वेढा, पाठीवर न सरकणारी गाठ, दुसरं टोक पायरीवरच्या माणसाच्या हातात, आणि त्या माणसाच्या कमरेलाही एक वेढा. ट्रॅक्टरच्या दोन ट्यूबा पाण्यात सोडलेल्या. वर कठड्याशी माझा नवरा फक्त बघायला, हातात फोन नाही, गप्पा नाहीत. बुडणारा माणूस हाका मारत नाही, त्याला श्वासालाच वेळ पुरत नाही. तो शांतपणे उभ्या उभ्या खाली जातो. त्यामुळं नजर हटवायची नाही, हे काम मी आधीच त्याच्याकडे दिलं होतं. भावानं त्याच्या कंपनीत प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलंय. बुडालेल्याला उलटं टांगणं, पोट दाबून पाणी काढणं हे सगळं चुकीचं, आधी तोंडानं श्वास द्यायचा आणि छाती दाबायची, हे त्यानं आदल्या रात्री आम्हा सगळ्यांकडून उशीवर करून घेतलं. विहिरीत खाली फोनला रेंज नव्हती, म्हणून 108 ला फोन करायचं काम वर बसलेल्या मामांचं. गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेवलेलं.

आणि मग आई उतरली.

मामींनी माळ्यावरून दोन सुके भोपळे काढून ठेवले होते, दोरीनं एकमेकांना बांधलेले. अजून असे भोपळे घरात असतील असं मला वाटलंच नव्हतं. मामेभावाची मुलं त्यांवरच शिकली म्हणे. आईनं ते पाठीवर घेतले, गाठ स्वतः मारली, दोनदा ओढून बघितली. मग पाण्यातल्या पायरीवर बसली. एक पायरी, आणखी एक. पाणी छातीला लागलं तसा तिचा श्वास अडकला, कारण वरचं हातभर पाणी उन्हानं कोमट असतं आणि खालचं बर्फासारखं गार. दादा म्हणाला, "आत्या, दम घ्या. घाई नाय." तिनं भिंतीला धरून पाच-सहा श्वास सावकाश घेतले. मग भिंत सोडली.

मी तिच्या मागच्याच पायरीवर होते, तिथंच वहिनी आणि लेक दोघीही थांबल्या होत्या. आईचे हात पाण्याखाली बेडकासारखे फाकले आणि जुळले, पाय तसेच, मान वर. विहिरीला लागून तिनं डावीकडून एक फेरी घेतली. पाइपाशी आल्यावर त्याला हात न लावता बाहेरून वळली. दुसऱ्या फेरीला ती मधे गेली, आणि तिथं पोचल्यावर म्हणाली, "हे भोपळे काढा बाई, मधे मधे येतायत." आम्ही सगळ्यांनी एका सुरात नको म्हटलं. दादानं मात्र तिच्याकडे नीट पाहिलं, स्वतः पाण्यात उतरला, आणि भोपळे काढून एक हाताच्या अंतरावर पोहत राहिला. तो बरोबर होता. थोड्या वेळानं आई उताणी होऊन पाण्यावर पडली, कान पाण्यात, डोळे मिटलेले, आणि तिच्या पोटावर सुगरणीच्या खोप्याची सावली हलत होती.

वहिनीला शिकवताना ती फार कडक होती. पहिला अर्धा तास वहिनीनं फक्त पायरीला धरून पाय मारायचे आणि तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडायचे. जॅकेट, दोरी, दोन्ही असताना वहिनीचे हात पायरी सोडेनात. आई तिला "सोड" म्हणाली नाही. स्वतःचा हात पुढं केला आणि म्हणाली, "पायरीच्या ऐवजी मला धर." तेवढ्यानं काम झालं. तासाभरानं वहिनी दोरी ढिली ठेवून दोन-तीन हात मारत भिंतीपर्यंत जायला लागली. भिंतीला हात टेकला की ती मोठ्यानं ओरडायची आणि पारवे उडायचे.

मुलांना फक्त मुटका, म्हणजे पाय पोटाशी घेऊन उडी, मारायची परवानगी होती, तोही चौथ्या पायरीवरून, नाक चिमटीत धरून, एका वेळी एकानं, आणि खालचा माणूस "ये" म्हटल्यावरच. सूर कुणीही मारायचा नाही. विहिरीत पाइप असतो, दगडाची कपार पुढं आलेली असते, पाण्याखालचं वरून दिसत नाही. सूर मारून मान मोडलेली माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत. नंतर पुरुष उतरले, त्यांनीही हा नियम पाळला. बारा वाजायच्या सुमारास लेकीचे ओठ निळसर दिसले तसं मी तिला बाहेर काढलं. गारठ्याचं मुलांना भान राहत नाही, ते आपण ठेवायचं.

दादानं सगळ्यांची डोकी मोजली आणि मगच खिशातले फ्यूज पेटीत बसवले. जेवायला पिठलं, भाकरी, मिरचीचा खर्डा, कांदा, ताक. त्या भुकेबद्दल काही लिहीत नाही, पाण्यातून आलेल्या सगळ्यांना ती माहीत आहे.

परतीच्या वाटेवर हायवेपासून आत लिंबला वळलो, बारा मोटेच्या विहिरीसाठी. साताऱ्याच्या अलीकडं, आणेवाडी टोलनाक्याच्या परिसरात. विरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात ती बांधली. तिथल्या शिलालेखात त्यांचं नाव आहे. खोली 110 फूट, व्यास 50 फूट, वरून आकार शिवलिंगासारखा, आणि जिन्यानं उतरताना मधेच दगडी महाल लागतो. इथं बघायचं, उतरायचं नाही, हे मुलांना सांगावं लागलं नाही. सकाळी त्यांनी विहिरीची खोली पायांनी मोजली होती, त्यामुळं 110 हा आकडा त्यांना आपोआप समजला. वर मोटा बसवायच्या जागा दिसतात. आईनं मुलांना मोट कशी चालायची ते हातवारे करून दाखवलं: बैल धावेवरून खाली जायचे, चामड्याची मोट वर यायची, थारोळ्यात ओतली जायची, आणि बैल उलट्या पावली मागं. ते सगळं तिनं लहानपणी पाहिलंय. विहीर खोदवणारी बाई होती, हे मात्र तिला नव्यानं कळलं. ती शिलालेखापाशी बराच वेळ थांबली.

चार दिवसांनी मामींचा फोन आला. त्या दिवशी आम्ही पाण्यात असताना शेजारच्या मळ्यातल्या दोघी-तिघी बायका बांधावर येऊन उभ्या होत्या, ते मी पाहिलं होतं. लांबूनच बघून त्या गेल्या होत्या. त्यांतल्या एकीनं मामींना विचारलं, की आम्हाला पण एक दिवस मिळेल का. तिची सासूही येते म्हणाली. मामींनी ते मामांच्या कानावर घातलं, मामांनी थोरल्या भावाच्या. पुढच्या आवर्तनात, रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात, एक दुपार बायकांसाठी ठरली आहे. फ्यूज मामी स्वतःच्या कनवटीला लावणार आहेत. पायरीवर दोरी धरायला पोहता येणारी बाई हवी, म्हणून त्यांनी आईला बोलावलंय, आणि वहिनीनं त्या दिवसाची रजा आजच टाकली आहे.